वजन किती, ते कोण विचारतं त्यावर

आजवर कुणीही प्रथिनाचा एक रेणू तराजूत टाकून पाहिलेला नाही. तरी जैवरसायनशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, प्रत्येक प्रथिनाच्या नावापुढे त्याचं वजन अगदी ठामपणे छापलेलं असतं. माणसाचं इन्सुलिन ५,८०८. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम १४,३०५. हिमोग्लोबिन ६४,५००. स्नायूंमधलं टायटिन तर अडतीस लाखांच्या घरात. एकक डाल्टन. एक डाल्टन म्हणजे कार्बनच्या एका अणूचा बारावा हिस्सा. ग्रॅममध्ये लिहायचं तर दशांशचिन्हानंतर तेवीस शून्यं मांडायची आणि मग १६६ लिहायचे. एवढी शून्यं मांडण्यात तास संपेल, म्हणून आम्ही हजार डाल्टनचा एक किलोडाल्टन करतो. ‘किलो’ ऐकलं की माणसाला धीर येतो. एका मिलिग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ९३ कोटी कोटी रेणू असतात, हे मग सोयीस्करपणे विसरता येतं.

माझा या वजनांशी संबंध पोटापाण्याचा. कॉलेजात जैवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे दर वर्षी एमएस्सीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावाच लागतो: दिलेल्या प्रथिनाचं रेणुवस्तुमान काढा. शेजारच्या पदार्थविज्ञान विभागातले सर ‘वजन नव्हे हो मॅडम, वस्तुमान’ म्हणून मला कॉरिडॉरमध्ये अडवतात. चंद्रावर जेल चालवायचा योग आला की सुधारणा करीन, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. तोवर आमच्याकडे वजनच.

हा प्रयोग म्हणजे एसडीएस-पेज. काचेच्या दोन पट्ट्या, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. त्या फटीत ॲक्रिलामाइडचं द्रावण ओतायचं आणि ते घट्ट व्हायची वाट बघायची. घट्ट होण्याआधी ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक, म्हणून हातमोजे घालायचे. मग हातमोज्यांनी पिपेट धरता येत नाही म्हणून हळूच एक काढायचा. मग मी ओरडायचं. नव्या बॅचचं पहिलं जेल खालून गळतंच. मुलं टेबलावर टिपकागद पसरतात, कुणीतरी क्लिप आणखी घट्ट करतं आणि काच तडकते. आमचे प्रयोगशाळा-परिचर मामा न बोलता कपाटातून दुसरी काच काढून देतात. मामांनी या प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा जास्त जेलं पाहिली आहेत. जेल घट्ट करणाऱ्या टेमेडचे थेंब पडल्यावर कोण घाई करणार आणि कोण बोलत बसणार, हे ते चेहऱ्यावरून सांगतात. बोलत बसणाऱ्याचं जेल बीकरमध्येच घट्ट होतं.

वरून एक प्लॅस्टिकचा कंगवा खोचून ठेवतात. कंगवा काढला की दातांच्या जागी खळगे उरतात, त्यांत प्रथिनं भरायची. हात किंचित हलला की दोन खळग्यांमधली भिंत फाटते आणि स्वातीचं प्रथिन सागरच्या लेनमध्ये जाऊन बसतं. त्यावरून वर्षभर पुरेल इतकी थट्टा होते, आणि एकदा तर तिचा शेवट लग्नपत्रिकेत झाला. पण तो विषय वेगळा.

प्रथिन भरण्याआधी पाच मिनिटं उकळायचं. सोबत एसडीएस, म्हणजे शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये फेस आणणारं तेच रसायन, आणि मर्कॅप्टोइथेनॉल. या दुसऱ्याचा वास सडक्या अंड्यांच्या जातकुळीतला. बाटली उघडली की वरच्या मजल्यावरच्या कॉमर्सच्या वर्गाला कळतं की आज आमचं प्रॅक्टिकल आहे. पण काम दोघांचंही चोख. मर्कॅप्टोइथेनॉल प्रथिनाच्या आतले गंधकाचे टाके उसवतं. एसडीएस त्याची घडी मोडून त्याला लांबलचक करतं आणि दर ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम या प्रमाणात त्याला चिकटतं. प्रथिनाचा स्वतःचा घाट, स्वतःचा विद्युतप्रभार, स्वतःचा स्वभाव, सगळं या साबणाखाली झाकलं जातं. उरते फक्त लांबी. वीज सुरू केली की सगळी प्रथिनं धन टोकाकडे धावतात. आखूड पुढे, लांब मागे.

पुढचे दीड-दोन तास ब्रोमोफिनॉल ब्लूची निळी रेघ खाली सरकताना बघत बसायचं. व्होल्टेज हळूच वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. वाढवलं की जेल मधोमध तापतं, मधल्या लेन पुढे पळतात, कडेच्या मागे रेंगाळतात आणि सरळ रेघेचा वर वळलेल्या ओठांसारखा आकार होतो. या प्रकाराला जगभरच्या प्रयोगशाळांत ‘स्मायलिंग’ म्हणतात. जेल हसतं, मुलं रडतात.

मग रंग. कुमासी ब्रिलियंट ब्लू हा मुळात लोकर रंगवायला काढलेला. नावातलं कुमासी हे आजच्या घानातलं, अशांती राज्याच्या राजधानीचं शहर. इंग्रजांनी १८७४ मध्ये ते घेतलं आणि जाळलं. त्या मोहिमेशी काडीचाही संबंध नसलेल्या आमच्या मुलांची बोटं दर सत्रात निळी होतात. सगळं जेल आधी शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं गडद होतं. मग ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर हलत ठेवलं की पार्श्वभूमी निवळते आणि प्रथिनांच्या तेवढ्या पट्ट्या राहतात. सकाळी सात वाजता कुणाच्याही आधी येऊन ते जेल उजेडात धरून बघायला मला अजूनही आवडतं. रात्री काहीच दिसत नव्हतं, आणि आता इथे एक, तिथे एक, निळ्या रेघा.

वजन मात्र अजून आलेलं नाही. त्यासाठी कडेच्या लेनमध्ये मार्कर लावतात, म्हणजे ज्यांचं वजन आधीच माहीत आहे अशी प्रथिनं. आमच्याकडचा जुना मार्कर असा: सशाच्या स्नायूंतलं फॉस्फोरिलेज ९७ किलोडाल्टन, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन ६६, अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन ४५, पुन्हा गाईच्या रक्तातलं कार्बोनिक अनहायड्रेज २९, सोयाबीनमधलं ट्रिप्सिन इनहिबिटर २०, पुन्हा अंड्यातलं लायसोझाइम १४. माळकरी घरातल्या एका विद्यार्थ्यानं ही यादी वाचून विचारलं होतं, “मॅडम, फक्त सोयाबीन वापरून ग्राफ काढला तर चालेल का?” एका बिंदूतून रेषा हवी तशी काढता येते, त्यामुळे परीक्षेच्या दृष्टीनं सूचना आकर्षक होती.

ग्राफ सेमीलॉग कागदावर. आडवं अंतर, उभं वजन. मधल्या पट्ट्यात बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत येतात, दोन्ही टोकांना रेषा वाकते. मग अज्ञात प्रथिन किती अंतर गेलं ते फूटपट्टीनं मोजायचं आणि रेषेवरून वजन वाचायचं. या पद्धतीत पाच-दहा टक्क्यांचा फरक पडणारच. जेलवरची पट्टीच मुळी एक मिलिमीटर जाडीची दिसत असते. तरीही अज्ञात म्हणून अल्ब्युमिन दिलं की निम्म्या वर्गाचं उत्तर ६६.४ येतं, दशांशासकट. कुणाचं ६१ आलं तर मी पूर्ण गुण देते. ६६.४ आलं की चष्मा लावते.

म्हणून एका वर्षी मी अज्ञात म्हणून हिमोग्लोबिन दिलं. लालभडक द्रावण, कुणालाही ओळखू यावं असं. मुलं खूश. उत्तर ६४, वही आधीच भरलेली. आणि दुसऱ्या दिवशी ६४ च्या जागी स्वच्छ जेल, एक रेघ नाही. जी काय होती ती तळाशी, सोळाच्या आसपास.

“मॅडम, आपलं हिमोग्लोबिन सडलं.”

“सडलं नाही रे.”

“मग पुस्तक चुकलंय?”

“पुस्तकही बरोबर आहे.”

वर्गात एक विशिष्ट शांतता पसरते, शिक्षक आता काहीतरी लांबवणार अशी. मी लांबवलं. कारण आमच्या तळाशी आलेला हा सोळा हजारांचा आकडा जुना आहे. जेल, वीज, एसडीएस यातलं काहीही हाताशी नसताना रसायनशास्त्रज्ञांनी तो साध्या त्रैराशिकानं काढला होता.

१८८६ च्या सुमारास झिनोफ्स्कीनं घोड्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन जाळून त्यातलं लोह मोजलं. शंभर ग्रॅमला ०.३३५ ग्रॅम. लोहाचं अणुवस्तुमान छप्पनच्या जवळपास. एका रेणूत लोहाचा निदान एक तरी अणू हवा, अर्धा असू शकत नाही. मग ०.३३५ ग्रॅम लोहाला शंभर, तर छप्पन ग्रॅमला किती? उत्तर सोळा हजार सातशेच्या जवळ. झालं. सातवीतल्या मुलालाही जमेल असं गणित आणि त्यातून निघालेला आकडा एवढा मोठा की त्या काळच्या रसायनशास्त्राला तो पचेना. पाण्याचा रेणू अठरा, मिठाचा साडेअठ्ठावन्न, ग्लुकोजचा एकशे ऐंशी, आणि हा एकदम सोळा हजार! एमिल फिशरसारखा दिग्गज, ज्यानं १९०७ मध्ये अठरा ॲमिनो आम्लांची साखळी स्वतः गुंफून दाखवली, तोसुद्धा प्रथिनं चार-पाच हजारांच्या फार पुढे जात असतील असं मानायला तयार नव्हता. पुष्कळांचं मत असं की प्रथिन हा मुळी एक रेणूच नव्हे, लहान लहान रेणूंचा चिकट गोळा आहे. आज एवढा, उद्या तेवढा. गोळ्याचं वजन काय काढायचं?

त्रैराशिकात एक मेख होती. ‘निदान एक’ हा त्यातला कळीचा शब्द. लोहाचे अणू दोन असतील तर वजन दुप्पट, चार असतील तर चौपट. लोह फक्त किमान वजन सांगतं.

केंब्रिजच्या गिल्बर्ट ॲडेरनं १९२५ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला. त्याला लोहाशी देणंघेणं नव्हतं; त्याला डोकी मोजायची होती. पाणी जाऊ देईल पण प्रथिन अडवील अशा पडद्याच्या एका बाजूला हिमोग्लोबिन, दुसऱ्या बाजूला क्षारांचं पाणी. परासरणाचा जो दाब येतो तो रेणू केवढे आहेत यावर ठरत नाही, किती आहेत यावर ठरतो. ठरावीक ग्रॅम हिमोग्लोबिन आणि रेणूंची संख्या, दोन्ही कळलं की एकाचं वजन आलंच. वाचायला सोपं. करायला मात्र शून्य अंशाच्या थंडीत, दिवसेंदिवस, कारण एक टक्का हिमोग्लोबिनचा हा दाब जेमतेम साडेतीन सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. ॲडेरचं उत्तर सदुसष्ट हजारांच्या आसपास आलं. लोहाच्या आकड्याच्या बरोबर चौपट.

म्हणजे हिमोग्लोबिन चार तुकड्यांचं. प्रत्येक तुकड्याला एक लोह. पाण्यात ते चौघे एकत्र फिरतात, त्यामुळे डोकी मोजणाऱ्याला एक डोकं दिसतं, ६४,५०० चं. लोह मोजणाऱ्याला त्याचा चौथा हिस्सा दिसतो. आणि आमच्यासारखं कुणी साबणात उकळलं की चौघे सुटे होऊन जेलच्या तळाशी सोळाला जाऊन बसतात. मुलांच्या जेलचं उत्तर बरोबर होतं, पुस्तकाचंही बरोबर होतं. पाठ केलेल्या वह्या तेवढ्या चुकल्या होत्या.

स्वीडनमध्ये उप्साला इथं थिओडोर स्वेडबर्ग त्याच सुमाराला प्रथिनं गरगरा फिरवत होता. त्याचा अल्ट्रासेंट्रिफ्यूज म्हणजे गुरुत्वाकर्षणच वाढवून घ्यायची युक्ती. एरवी प्रथिन कधीच तळाशी बसत नाही, त्याला लाखपट जोरानं खाली ओढलं तर बसतं. स्वेडबर्ग स्वतः कलिलांचा माणूस. प्रथिनाच्या द्रावणात लहानमोठे सगळे आकार निघतील अशी त्याची अपेक्षा. हिमोग्लोबिन फिरवलं तर सगळे रेणू एकाच वेगानं, एकाच ओळीत खाली. गोळाबिळा काही नाही. वजनही ॲडेरशी जुळणारं. १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, आणि मग मोठ्या माणसांचं होतं तसं त्याचंही झालं: त्याला सगळीकडे एकच नियम दिसू लागला. सगळी प्रथिनं १७,६०० च्या पटीतच असतात, असं त्यानं मांडलं. काही वर्षं लोकांचे आकडेही त्या पटीत बसत राहिले. आमच्या वर्गात ६६.४ बसतात तसेच.

स्वेडबर्गच्या नावाचं एकक आजही चालतं, एस. ते वजनाचं नाही, खाली बसण्याच्या वेगाचं आहे, आणि वेग आकारावरही ठरतो. जिवाणूंच्या पेशीत प्रथिनं विणणारा रायबोसोम ७० एसचा. तो दोन भागांचा: एक ५० एस, दुसरा ३० एस. दर वर्षी कुणीतरी पहिल्या बाकावरून सांगतं, “मॅडम, बेरीज ऐंशी येते.” येते. दोन भाग एकमेकांना चिकटले की घर्षण कमी-जास्त होतं आणि बेरजेचा नियम तिथं लागू राहत नाही. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल ज्या तिघांत वाटलं गेलं त्यात ३० एस भागावर काम केलेले वेंकटरामन रामकृष्णन होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे बीएस्सी. ५० अधिक ३० बरोबर ७० हे त्यांनाही पहिल्यांदा ऐकताना खटकलं असणार, असं सांगून मी पहिल्या बाकाचं समाधान करते.

उप्सालाहूनच १९५९ मध्ये आणखी एक पद्धत आली, जेल फिल्ट्रेशनची. उभ्या काचेच्या नळीत सच्छिद्र मणी भरायचे आणि वरून प्रथिनांचं मिश्रण सोडायचं. इथे मोठा रेणू आधी बाहेर येतो आणि लहान नंतर, आमच्या एसडीएस-पेजच्या अगदी उलट; व्हायवाला मुलं हमखास इथं अडकतात. मी त्यांना मनानं पुण्याच्या लक्ष्मी रोडला नेते. पीएमपीची बस कुठल्याही बोळात शिरू शकत नाही, म्हणून ती रस्त्यानं सरळ निघून अलका चौकात पोचते. पायी निघालेली मंडळी तुळशीबागेत शिरतात, तिथून बाहेर पडून दुसऱ्या दुकानात शिरतात, आणि अलकाला कधी पोचतील ते त्यांनाच ठाऊक. मण्यांची छिद्रं म्हणजे ती दुकानं.

या सगळ्या आडवळणांना वैतागून कुणी म्हणेल, प्रथिनात ॲमिनो आम्लंच आहेत ना, मग त्यांची बेरीज करा आणि मोकळे व्हा. बरोबर, पण त्यासाठी कुठलं ॲमिनो आम्ल कितव्या जागी आहे ते आधी कळायला हवं. फ्रेडरिक सँगरनं गाईच्या इन्सुलिनसाठी ते काम केलं आणि १९५५ पर्यंत पुरं केलं. त्याआधी इन्सुलिनच्या वजनाबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नव्हतं: स्वेडबर्गच्या यंत्रात ३५,०००, नंतर कुणाकडे १२,०००, मग ६,०००. सँगरची बेरीज आली ५,७३३. एकवीस आम्लांची एक साखळी, तिसांची दुसरी. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू वजा, अशी एकोणपन्नास वेळा अठराची वजाबाकी. गंधकाचे तीन टाके, त्यांचे सहा हायड्रोजन वजा. जिला घरखर्चाचा ताळा जमतो तिला हे जमेल. आणि स्वेडबर्गचे ३५,०००? तेही खोटे नव्हते. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताचे दोन अणू मध्ये घेऊन घोळका करतात. सहा गुणिले ५,७३३ करून बघा. साध्या इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या बाटलीत ते याच घोळक्यात असतं. त्वचेखाली गेल्यावर घोळका फुटतो, मग ते रक्तात पोचतं. जेवायच्या तोंडावर घ्यायची जी नवी इन्सुलिनं निघाली त्यांत एक-दोन आम्लं इकडची तिकडे केलेली असतात, घोळका लवकर फुटावा म्हणून. वजनाचा वाद वाटला तो असा थेट ताटापर्यंत येतो.

घाईत असलेल्यांसाठी मात्र आमच्याकडे एक अंदाज आहे: ॲमिनो आम्लांची संख्या गुणिले ११०. साखळीत गुंफलेलं ग्लायसिन ५७ चं, ट्रिप्टोफॅन १८६ चं, पण सरासरी ११० वर येते. नेटच्या परीक्षेत ‘जनुकाची लांबी नऊशे अक्षरं, प्रथिनाचं वजन सांगा’ असं विचारलं की तीननं भागायचं, ११० नं गुणायचं, तेहतीस हजार लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. टायटिनमध्ये ३४,३५० आम्लं. गुणाकार ३७,७८,५००, खरं वजन त्याहून एखादा टक्का जास्त. एवढ्या मोठ्या राक्षसाला एवढं साधं गणित लागू पडतं.

लागू न पडणारेही आहेत. कर्करोगाच्या संशोधनातलं सर्वांत गाजलेलं प्रथिन पी५३. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा जेलवर त्रेपन्न हजारांच्या जागी दिसलं म्हणून हे नाव. नंतर आम्लं मोजली: ३९३, वजन ४३,७०० च्या आसपास. प्रोलीनचा भरणा जास्त असलेला त्याचा एक भाग जेलमध्ये अडखळत चालतो आणि प्रथिन उगाच दहा हजारांनी जाड दिसतं. दुरुस्ती कुणी केली नाही. हजारो शोधनिबंध पी५३ नावानं छापले गेले. आता नाव बदलायचं म्हणजे आधार कार्डापासून सुरुवात. उगाच जाड दिसण्याचं दुःख इथं ज्यांना कळेल त्यांना कळेल.

आणि हे जेल ज्या रूपात आम्ही चालवतो ते उलरिख लेमलीचं. १९७० मध्ये त्यानं ‘नेचर’मध्ये एक निबंध लिहिला तो टी४ या जिवाणूभक्षक विषाणूचं डोकं कसं जुळतं त्यावर. जेलची कृती आकृतीखालच्या बारीक टिपणात होती. विषाणूचं डोकं फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, टिपण जगभर गेलं. २०१४ मध्ये जगातल्या सर्वाधिक उद्धृत शोधनिबंधांची यादी निघाली तेव्हा लेमली दुसऱ्या क्रमांकावर होता, दोन लाखांहून जास्त उल्लेखांसह. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे निबंधही प्रथिनंच मोजण्याच्या पद्धतींचे. आइन्स्टाइन पहिल्या तिघांत नाही. आमच्या विभागात हे वाक्य फ्रेम करून लावावं असं माझं मत आहे. पदार्थविज्ञानवाल्या सरांना जाता-येता दिसेल असं.

खऱ्या तराजूच्या सर्वांत जवळ येतो तो मास स्पेक्ट्रोमीटर. अडचण एकच होती: त्यात जायचं तर रेणू हवेत उडायला हवा आणि त्यावर प्रभार हवा. पाण्यासारखा टीचभर रेणू उडतो. प्रथिन उडायच्या आधी करपतं. जपानमध्ये क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतला कोइची तानाका हा विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर या अडचणीवर काम करत होता. १९८५ मध्ये त्याच्याकडून कोबाल्टच्या बारीक भुकटीत ॲसिटोनऐवजी ग्लिसरॉल पडलं. भुकटी महाग. टाकून कशाला द्यायची, असं म्हणून त्यानं ते मिश्रण तसंच वापरलं, वर लेझर मारला आणि रेणू न करपता उडाला. दोनच वर्षांत २५,७१७ डाल्टनचं कायमोट्रिप्सिनोजेन त्यानं उडवून दाखवलं. २००२ चं नोबेल मिळालं तेव्हा त्याच्याकडे पीएचडी नव्हती. ‘टाकून कशाला द्यायचं’ या वृत्तीला नोबेल मिळू शकतं हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

त्याच वर्षी नोबेलचा वाटेकरी झालेला जॉन फेन तेव्हा पंच्याऐंशीचा होता. येल विद्यापीठात निवृत्तीचं वय उलटल्यावर त्यानं प्रथिनाचं द्रावण विजेच्या दाबाखाली फवारून उडवलं. त्याची गंमत अशी की एकच प्रथिन कधी दहा प्रोटॉन घेऊन उडतं, कधी अकरा, कधी बारा, आणि यंत्र वजन सांगतच नाही. वजन भागिले प्रभार एवढंच सांगतं. लायसोझाइमसाठी पडद्यावर शेजारशेजारी दोन शिखरं दिसतात: १४३१.५ आणि १३०१.५. वजन माहीत नाही, प्रभारही माहीत नाही. दोन अज्ञात, दोन शिखरं. दहावीच्या बीजगणितातलं पहिलं प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं! याचा आयुष्यात काय उपयोग, असं म्हणून आपण जे सोडवलं तेच. १३०१.५ मधून प्रोटॉनचा एक वजा करा, दोन शिखरांतल्या फरकानं, म्हणजे १३० नं, भागा, दहा. म्हणजे पहिल्या शिखरावर दहा प्रोटॉन. १४३१.५ गुणिले दहा, वजा दहा: १४,३०५. कोट्यवधींचं यंत्र, शेवटी हातात एकसामयिक समीकरणं.

आता एक डाल्टनचाही फरक दिसू लागला आणि आम्ही वजनं वेगळ्या कामासाठी विचारू लागलो. नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसह विदर्भाच्या मोठ्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि साखळी तीस डाल्टननं हलकी होते. सोळा हजारांत तीस. आमच्या जेलवर निरोगी आणि आजारी हिमोग्लोबिन शेजारी लावली तर पट्ट्या अगदी एका ओळीत येतात. प्रभारावर चालणाऱ्या साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये त्या लगेच वेगळ्या होतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते तीस बिनचूक मोजून देतो.

आणि हिमोग्लोबिन जडही होतं. पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर एचबीएवनसी असं लिहिलेलं असतं, ज्याला घरोघरी तीन महिन्यांची साखर म्हणतात, ते म्हणजे बीटा साखळीच्या टोकाला चिकटलेलं ग्लुकोज. ग्लुकोज १८०, चिकटताना पाणी गेलं १८, राहिले १६२. पंधरा हजार आठशे सदुसष्टची साखळी सोळा हजार एकोणतीसची होते. जगभरच्या लॅबनी आपली यंत्रं ज्या संदर्भपद्धतीशी जुळवून घ्यायची, तिच्यात त्या टोकाचा तुकडा कापून मास स्पेक्ट्रोमीटरलाही दाखवतात. उपाशीपोटीच्या तपासणीआधी आठ दिवस पथ्य पाळून डॉक्टरांना फसवता येतं. लाल पेशी एकशेवीस दिवस जगते आणि तेवढे दिवस हे १६२ डाल्टन उतरत नाहीत. दिवाळीतल्या अनारशांचा हिशेब जानेवारीतही निघतो.

तर परीक्षेला बसणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. रेणुवस्तुमान लिहाल तेव्हा आकड्यापुढे एकक लिहा आणि त्यापुढे पद्धत लिहा. एकक विसरलात तर अर्धा गुण जाईल. पद्धत विसरलात तर मात्र हिमोग्लोबिनसमोर लिहिलेलं सोळा बरोबर की चौसष्ट बरोबर, हे मला ठरवता येणार नाही, आणि रिचेकिंगचा अर्ज भरूनही उपयोग होणार नाही.